कुम, एस.

माणूस जातो, पण त्याचा संदर्भ उरतो. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात पहिल्याच दिवशी आमच्या प्राध्यापकांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. वाक्य कुठून घेतलं होतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

पुढे सहासात वर्षांनी ते वाक्य मला नको तेव्हा आठवायला लागलं. तेव्हा मी मुलुंडच्या एका वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात होते. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. कॉलेज एका धर्मादाय रुग्णालयाला जोडलेलं होतं आणि ग्रंथालय शवविच्छेदनाच्या हॉलच्या बरोबर वर होतं. त्यामुळे पुस्तकांना फॉर्मालिनचा वास यायचा आणि कसर लागायची नाही. मी तिथली ग्रंथपाल होते, पण तात्पुरती. तात्पुरती म्हणजे दर सहा महिन्यांनी मला एक दिवस नोकरीतून काढत आणि दुसऱ्या दिवशी परत घेत. कागदोपत्री याला 'खंड' म्हणत. त्या एका दिवशी मी कोणीच नसे. ग्रंथालयाची किल्ली मात्र माझ्याच पर्समध्ये असे, कारण ती कोणाकडे द्यायची याबद्दल नियम नव्हता.

परत घेत, असं मी आता सहज लिहून टाकलं. तेव्हा दुसऱ्या दिवशी मस्टर उघडून आपलं नाव दिसेपर्यंत मी पर्स खांद्यावरून उतरवत नसे. प्रयोगशाळेत एक तात्पुरत्या बाई होत्या. त्यांचा एक दिवसाचा खंड मी नोकरीला लागायच्या आधी सुरू झाला होता आणि अजून चालूच होता.

घरी आई, बाबा आणि मी. घाटकोपरला डोंगराच्या बाजूला चाळीत आमची खोली होती. बाबा मालवणाकडून येऊन गिरणीत लागलेले. गिरणीने त्यांना काढलं नव्हतं, गिरणीच उघडत नव्हती. त्यामुळे 'तात्पुरतं' या शब्दाची त्यांना माझ्यापेक्षा जास्त समज होती. मी घरी आले, चप्पल काढली की ते ताप उतरला का विचारावं तशा आवाजात विचारत, "कायम झालंस काय गो?" मी नाही म्हणायचे. मग ते रेडिओ लावत.

अशात नवीन परिपत्रक आलं. ग्रंथपालांना इथून पुढे शिक्षकांच्या बरोबरीने धरायचं ठरलं होतं. ऐकायला मान मोठा होता. अर्थ असा होता, की कायम व्हायचं तर शिक्षकांसारखं संशोधन दाखवायचं, आणि त्या संशोधनाचा प्रभावही दाखवायचा. प्रभाव ही गोष्ट आमच्या डीनसाहेबांनी परदेशातून आणली होती. ते नामवंत सर्जन होते. परिषदेहून येताना बाकीचे लोक चॉकलेटं आणत, त्यांनी 'इम्पॅक्ट' आणला. तुम्ही काय लिहिलंत याला महत्त्व नाही, तुमच्यानंतर किती जणांनी आपल्या लेखात तुमचं नाव घेतलं याला आहे, असं ते दर बैठकीत सांगत. ज्यांच्याकडे प्रभाव नसेल त्यांच्याबाबत निवड समिती 'योग्य तो विचार' करील, असं परिपत्रकाच्या शेवटी होतं. सरकारी मराठीतले अनेक शब्द मी वाचले आहेत, पण 'योग्य तो' इतके थंड दोन शब्द मला माहीत नाहीत.

माझं एकूण संशोधन म्हणजे एक लेख. विषय, वैद्यकीय नियतकालिकांतून कापून नेलेली पानं. आमच्या ग्रंथालयात नियतकालिकं घरी नेता येत नसत, म्हणून वाचक हवं ते पान ब्लेडने कापून नेत आणि अंक जागच्या जागी ठेवत. मी वर्षभर शिडीवर चढून एकेक अंक उघडला आणि कोणत्या विषयाची किती पानं गेली त्याची यादी केली. सर्वांत सफाईने कापलेली पानं शस्त्रक्रियेच्या कपाटातली होती. त्यावरून निघणारा निष्कर्ष मी लेखात काढला नाही. लेख ग्रंथपालांच्या एका इंग्रजी पत्रिकेत छापून आला. माझ्या नावाआधी, पद्धतीप्रमाणे, मी अविवाहित असल्याची नोंद होती: के-यू-एम, टिंब. म्हणजे कुमारी.

बाबांना मी प्रभाव म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आपण समोर नसताना दुसऱ्यांनी आपलं नाव घेणं, त्याची मोजणी. बाबांनी विचार केला आणि म्हणाले, "पाठसून नाव घेतत ता चांगला कसा असतला?"

याचं उत्तर समितीकडे होतं, पण समितीला बाबा भेटणार नव्हते.

कोणाचं नाव कोणी घेतलं ते सांगणारा ग्रंथ तेव्हा होता. सायटेशन इंडेक्स म्हणत. टेलिफोन डिरेक्टरीसारखे जाडजूड खंड, आडनावांच्या क्रमाने लावलेले, आणि अक्षर मुंगीएवढं. आडनाव शोधायचं, पुढे आद्याक्षरं, त्याखाली तुमच्या लेखांची नुसती पत्रिका-पान आणि ज्यांनी तुम्हाला उद्धृत केलं त्यांच्या ओळी. आमच्याकडे तो घेण्याची ऐपत नव्हती. अंधेरीला मरोळच्या बाजूला एका औषध कंपनीचं संशोधन केंद्र होतं, तिथे होता. तिथल्या ग्रंथपाल बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, तोंडाने तिखट आणि व्यवसायात माझ्या एकुलत्या एक हितचिंतक. त्यांनी ये म्हणून सांगितलं.

मी अर्धा दिवस रजा मागितली तेव्हा डीनसाहेबांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, रजा नाकारणार. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, जाताच आहात तर माझीही नोंद झेरॉक्स करून आणा. पुढच्या महिन्यात त्यांच्या पंचवीस वर्षांच्या सेवेचा सत्कार होता.

घाटकोपरहून साकीनाक्यावरून अंधेरीकडे जाणारी बस त्या काळी एवढा वेळ घ्यायची, की माणूस बसमध्येच दोनदा विचार बदलू शकत असे. मी तीनदा बदलला. नोंद नसेलच, तर ती शोधायला गेल्याचं कोणाला कळू नये. नोंद नाही म्हणून सांगायचं, की बघायला मिळालं नाही म्हणून, याची मी मनात तालीम करत होते. असल्फाच्या चढावर माझ्या लक्षात आलं, की आपण खोटं बोलायची तयारी करतोय आणि तीसुद्धा नीट जमत नाहीये.

बाईंनी मला टेबलाशी बसवलं आणि भिंग दिलं. मी माझ्या आडनावाचं पान काढलं. आडनावाची माणसं होती, मी नव्हते. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्त घालून बघितलं, एक कमी करून बघितलं. मग माझं पहिलं नावच आडनाव म्हणून छापलं असेल म्हणून तिथे बघितलं. वडिलांचं नाव बघितलं. तासाभरात मी माझ्या सगळ्या नावांनिशी जगात कुठेच नसल्याचं सिद्ध झालं.

बाई आपल्या टेबलावरून बघत होत्या. त्या उठून आल्या.

"कुमारी लावलं होतंस का गं नावाआधी?"

"हो."

"मग तिकडे जा. के, यू, एम."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी स्वतः खंड ओढून घेतला, पानं उलटली आणि एका जागी नख ठेवलं. तिथे छापलं होतं: कुम, एस. खाली अकरा ओळी.

परदेशातल्या माणसाला कुमारी म्हणजे काय ते माहीत असण्याचं कारण नाही. त्याला नावाच्या सुरुवातीला टिंब असलेलं काहीतरी दिसलं, त्याने ते आडनाव धरलं. माझ्या नावाचं आद्याक्षर एस. त्या काळात आमच्याकडे मुलींची नावं एसवरून ठेवायची साथच होती. तेव्हा देशभरातल्या लेख लिहिणाऱ्या, लग्न न झालेल्या आणि एसवरून नाव असलेल्या सगळ्या मुली त्या एका घरात येऊन राहिल्या होत्या. पत्रिकांच्या नावांवरून आम्ही अंदाज बांधला: एकीने बोंबील वाळवण्यावर लिहिलं होतं, एकीने म्हशींच्या कासेच्या रोगावर, एकीने भुईमुगाच्या बुरशीवर. कापलेल्या पानांची मी एकटी. माझी ओळ एक.

एक म्हणजे शून्य नव्हे, एवढ्यावर मला रडू येईल असं वाटलं. बाई म्हणाल्या, रडायचं तर बाहेर जा, भिंग ओलं करू नकोस.

मी त्या पानाची झेरॉक्स घेतली आणि माझ्या ओळीपुढे पेन्सिलने बरोबरची खूण केली. मग डीनसाहेबांचं आडनाव काढलं. ते आडनाव मी इथे लिहिणार नाही, पण ते लिहून काही बिघडणार नाही, इतक्या लोकांचं ते आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्गात या आडनावाने हाक मारली तर तीन जण उभे राहतात. आद्याक्षरही नेहमीचंच. त्यांची नोंद एक स्तंभ भरून पुढच्या स्तंभात गेली होती. त्यात पित्ताशय होतं, तसंच कापसावरची बोंडअळी होती, उसाची मळी होती, सिमेंट होतं. एका माणसाने एवढं केलं असतं तर त्याचा सत्कार पंचवीस वर्षं आधीच व्हायला हवा होता. मी त्यांच्याही पानांची झेरॉक्स घेतली. पित्ताशयापुढे खुणा करायचं मात्र धाडस झालं नाही. ज्याचं त्याला माहीत असेल, असं मी मनाशी म्हटलं. हे मी भीतीपोटी म्हटलं, पण त्या वेळी ते आदरासारखं वाटलं.

दोन्ही झेरॉक्स मी आस्थापना विभागात हेडक्लार्कांकडे दिल्या. ते कामाला अत्यंत चोख होते. त्यांच्या टेबलावर एक लाकडी पट्टी होती. कुठलाही तक्ता तपासताना ती पट्टी ते एकेक ओळ खाली सरकवत, त्यामुळे त्यांच्या हातून ओळ सुटत नसे. माझ्या कागदावर पेन्सिलची खूण दिसताच त्यांनी खोडरबर काढलं आणि ती काळजीपूर्वक पुसली, कारण कार्यालयीन कागदावर पेन्सिलच्या खुणा चालत नाहीत. मग पट्टी ठेवून त्यांनी ओळी मोजल्या.

हे मला चार दिवसांनी कळलं, विवरणपत्राची प्रत माझ्या हातात आली तेव्हा. 'प्रकाशने: एक. प्रभाव: अकरा.' खाली डीनसाहेबांची सही झालेली होती.

मी जिना उतरून धावतच गेले. हेडक्लार्क डबा खात होते. मी उभी राहिले.

"साहेब, ते अकरा माझे नाहीत."

"मग कोणाचे?"

"दुसऱ्या कुमारींचे. त्यातला एकच माझा."

त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. "तुम्ही कुमारी आहात ना?"

"आहे."

"झालं तर मग."

मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. टिंब, आडनाव, बोंबील, म्हैस. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मूर्ख माणूस नव्हता तो. ऐकता ऐकता त्यांची नजर कपाटाकडे गेली, तिथे डीनसाहेबांची फाइल होती. मग ते आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "बाई, एक म्हणजे भवानी. अकरा शुभ आकडा आहे. राहू द्या."

मी म्हटलं, पण खोटं आहे.

"तुमचं एक केलं, तर कसं मोजलं ते लिहावं लागेल. मग साहेबांचंही तसंच मोजावं लागेल. पट्टी एकच आहे." त्यांनी खणातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. सत्काराची निमंत्रणपत्रिका. जाड कागद, वर गणपती, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत, जगभरातील शास्त्रज्ञांनी ज्यांच्या संशोधनाचा अमुक इतक्या वेळा आधार घेतला असे आमचे आदरणीय. अमुक इतक्याच्या जागी तीन आकडी संख्या होती. त्यात बोंडअळी होती, मळी होती, सिमेंट होतं. "छापून आल्यात," ते म्हणाले, आणि त्यांनी परत डबा ओढून घेतला.

त्या दिवसापासून मुलाखतीपर्यंतचे दिवस मला अजून अंगाला जाणवतात. अकरा ठेवले आणि समितीत कोणी विचारलं, तर मी खोटं विवरण देणारी ठरणार. नोकरी गेली. अकराचा एक केला, तर सत्काराच्या तोंडावर डीनसाहेबांचा आकडा उघडा पाडणारी ठरणार. नोकरी गेली. दोन्ही वाटांच्या शेवटी प्रयोगशाळेतल्या त्या बाई उभ्या होत्या. मी पुस्तकांवर शिक्के मारताना उलटे मारायला लागले. जिन्यावर शिपायाची चप्पल वाजली की मेमो आला असं वाटून मी हातातला शिक्का खाली ठेवायचे. शिपाई बहुतेक वेळा पाणी प्यायला आलेला असायचा. घरी बाबांनी विचारणं बंद केलं होतं. त्यांनी मी घरात शिरताना माझ्या तोंडाकडे बघायचं आणि रेडिओ लावायचा, एवढंच ठेवलं होतं. त्याची जास्त भीती वाटायची.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी अंधेरीच्या बाईंचं पाकीट आलं. ज्या एका परदेशी ग्रंथपालाने माझं नाव घेतलं होतं, त्याचा लेख त्यांनी कंपनीमार्फत मागवून घेतला होता. कुठल्याशा थंड देशातला माणूस. त्याने माझ्यावर एक वाक्य लिहिलं होतं: डॉ. कुम यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने मुंबईत केलेल्या चिकाटीच्या पाहणीत त्यांना असे आढळले, की पाने परीक्षेच्या आधी जातात. इंग्रजीत 'त्यांना'च्या जागी पुरुषाचं सर्वनाम होतं. सहकारी म्हणजे शिडी. सोबत बाईंची चिठ्ठी होती. "अभिनंदन. तू डॉक्टर आहेस आणि पुरुष आहेस." खाली आणखी एक ओळ होती. "विचारलं तर खरं सांग. न विचारता सांगायला तू साक्षीदार नाहीस."

हा सल्ला मी पाठ केला. रात्रभर देवाला एवढंच म्हणत होते, की कोणी विचारू नये. देवावर माझा फारसा विश्वास नाही, पण तेव्हा दुसरं कोणी उपलब्ध नव्हतं.

समिती तिघांची होती. मध्ये डीनसाहेब. डावीकडे कागद पुढे करायला हेडक्लार्क, पट्टीसकट. उजवीकडे बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, एक निवृत्त ग्रंथपाल, किडकिडीत, कानाला यंत्र लावलेले. बाहेरच्या बाकावर बसले असताना मी असं धरून चालले होते, की तज्ज्ञ हे नेहमीच्या तज्ज्ञांसारखे असतील: चहा घेतील, बिस्किट घेतील आणि सही करतील. आत जाऊन बसले तेव्हा त्यांच्यापुढे माझा लेख होता आणि त्यात त्यांनी खुणा केलेल्या होत्या. पेन्सिलने.

पहिली दहा मिनिटं ते लेखाबद्दलच विचारत होते. पानं मोजताना जाहिरातींची पानं धरली का. एकाच ब्लेडने दोन पानं गेली असतील तर ती दोन धरली की एक. असे प्रश्न मला त्याआधी कोणी विचारले नव्हते आणि पुढेही विचारले नाहीत. एका क्षणी मी भीती विसरले. तेवढ्यात त्यांनी झेरॉक्स हातात घेतली, डोळ्याजवळ नेली आणि म्हणाले, "इथे एक मत्स्यविज्ञानाची पत्रिका दिसते. बोंबलांचा आणि तुमचा काय संबंध?"

हेडक्लार्क पट्टीकडे बघत होते. मी डीनसाहेबांकडे बघितलं नाही.

"काही संबंध नाही सर. तो माझा नाही. अकरापैकी एकच माझा आहे."

"काय?" त्यांनी कानाचं यंत्र नीट केलं.

त्यामुळे मला ते वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. आयुष्यात एकदा कसंबसं म्हणता येतं, असं ते वाक्य मी दोनदा म्हटलं. मग टिंबाचं सांगितलं, कुमारीचं सांगितलं. लेखाची परदेशातून आलेली प्रत पुढे ठेवली. तज्ज्ञांनी ते वाक्य वाचलं, 'डॉ. कुम' म्हणून माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या खांद्यांना बारीक हेलकावे बसायला लागले. ते हसत आहेत हे मला उशिरा कळलं.

डीनसाहेब हसत नव्हते. सर्जनचा हात चालतो तसं त्यांचं डोकं चालत असे, एकदा चिरलं की थेट आत. ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे ही सूची माणूस बघत नाही. नाव बघते."

"हो सर."

"आणि समजा, एखाद्याचं आडनाव फार प्रचलित असेल तर?"

हेडक्लार्कांनी पट्टी उचलली आणि परत ठेवली. मला चिठ्ठीतलं 'विचारलं तर खरं सांग' आठवत होतं आणि बाबांचा रेडिओ ऐकू येत होता. दोन्ही एकाच वेळी.

"तर जास्त, सर."

एवढंच मी बोलले. डीनसाहेबांनी समोरच्या पेल्यातलं पाणी प्यायलं, सगळं. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. आपला आकडा आजवर त्यांना खरोखरच खरा वाटत होता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि मी आणखी घाबरले. माहीत असून मिरवणाऱ्या माणसापेक्षा, आत्ताच माहीत झालेला माणूस जास्त धोकादायक असतो. मग त्यांनी माझं विवरणपत्र ओढून घेतलं, अकरावर रेघ मारली, वर एक लिहिलं आणि सही केली. "एक असला तरी आपला असला पाहिजे," ते म्हणाले. आवाज त्यांचा व्यासपीठावरचा होता. तज्ज्ञांनी मान डोलावली. मला जायला सांगितलं.

त्या वाक्याचा अर्थ काय, यावर मी पुढचे तीन आठवडे घालवले. आपला असला पाहिजे, म्हणजे मी राहिले? की एकच आहे, म्हणजे गेले? मध्ये खंडाचा दिवस आला. त्या दिवशी मी घरीच बसले होते, किल्ली पर्समध्ये. आई म्हणाली, किल्ली देऊन तरी यायची होतीस. मी म्हटलं, कोणाला?

सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. सूत्रसंचालकांनी पत्रिकेवरचा तीन आकडी आकडा जसाच्या तसा वाचला, कारण पत्रिका छापून आल्या होत्या. टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत होते, मीही वाजवल्या, आणि बोंडअळीवर आयुष्य घालवलेल्या त्या अनोळखी माणसासाठी थोड्या जास्त वाजवल्या. उत्तराच्या भाषणात डीनसाहेब म्हणाले, "संख्येला फारसं महत्त्व नसतं." त्यांचा हा विनय सगळ्यांना फार आवडला. हेडक्लार्क माझ्या पुढच्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते.

चौथ्या आठवड्यात शिपाई जिना चढून आला आणि पाणी प्यायला गेला नाही. लिफाफा टेबलावर ठेवून उभा राहिला. मी तो कात्रीने उघडला. छापील मजकूर होता, 'श्री./श्रीमती/कु. (लागू नसेल ते खोडावे)', आणि त्यातलं काहीच खोडलेलं नव्हतं. खाली मला सेवेत कायम केल्याचं लिहिलं होतं.

घरी बाबा दारातच होते. मी कागद पुढे केला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आदेश मराठीत होता. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि गणपतीच्या तसबिरीमागे ठेवला. "मगे आता कोणी नाव घेवंदे नायतर न घेवंदे," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ लावला नाही.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. त्यानंतर माझा दुसरा लेख आला, त्याच पत्रिकेत, आणि पद्धतीप्रमाणे नावाआधी श्रीमती असं, इंग्रजी तीन अक्षरांत, लावलेलं होतं. अंधेरीच्या बाईंनी नव्या खंडात बघून कळवलं, की मी आता एस-एम-टी या आडनावाखाली आहे, आणि तिथे जागा नाही इतकी गर्दी आहे.